परवडणाऱ्या मंडळींचं बॅरल

दोन हजार तेवीस सालचा मे महिना. पूर्वी नाशिकचा उन्हाळा संध्याकाळी पाचलाच माघार घ्यायचा. गच्चीवर दोन बादल्या पाणी मारलं की गारवा तळपायातून वर चढायचा. त्या वर्षी पाणी मारलं तरी फरशी नुसती वाफाळत राहिली.

गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला गिरिजा नावाची जुनी सोसायटी आहे. तिच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी तीस-चाळीस माणसं जमली होती. शेखर देवरे आणि चैतालीच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती. टेबलाच्या मधोमध एक छोटं लाकडी बॅरल, वीस लिटरचं, नवरदेवासारखा झेंडूचा हार घालून बसलेलं.

घरकामाला येणाऱ्या राखीने तोटीखाली जग धरून वाइन काढली. शेखरने पहिला ग्लास उचलला, मोठा घोट घेतला आणि पुढच्या क्षणी कढीपत्त्याच्या कुंडीत थुंकला.

"हे काय आहे? व्हिनेगर?"

सगळे थांबले. चैतालीने ग्लास नाकाजवळ नेला आणि तोंड फिरवलं. "लोणच्याची बरणी उघडल्यासारखं वाटतंय!"

रावजी बोरस्ते बॅरलच्या बाजूलाच उभे होते. त्यांनी शेखरकडे पाहिलं, चैतालीकडे पाहिलं, मग ग्लास नाकाशी नेला. त्यांचा चेहरा पडला.

"खरंच की," ते म्हणाले. "कुणीतरी यात व्हिनेगर ओतलंय. सकाळी मी स्वतः वास घेतला होता. अप्रतिम होती."

कोपऱ्यातल्या खुर्चीवर अंजली पगारे कोकम सरबत घेऊन बसली होती. पोलिसांत एकतीस वर्षं काढून ती सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेली.  कोण कुणाकडे आधी पाहतं, हे पाहायची तिची जुनी खोड अजून गेलेली नव्हती.

---

या बॅरलमागे दहा वर्षांचा लोभ होता.

रावजी वणी रस्त्यावरच्या एका वायनरीत तळघराचे सुपरवायझर होते. वायनरी बंद पडली, तेव्हा शेवटचा पगार मिळाला नाही, हे बॅरल मिळालं. पण त्याआधीपासूनच सोसायटीतल्या लोकांना त्यांनी वाइनची गोडी लावली होती. महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी चार घरं जमत. बाटली पाचशेच्या आतलीच हवी, हा नियम. चैतालीने नाव ठेवलं होतं, परवडणारी मंडळी.

"जड बाटली आणि सोनेरी लेबल, म्हणजे तुम्ही काचेचे आणि छपाईचे पैसे देताय," रावजी सांगत. "दुकानात उन्हात उभी केलेली बाटली फुकट दिली तरी घेऊ नका. आतल्या फळीवरची मागा. फिरकीचं झाकण असलं म्हणून वाइन हलकी नसते. पांढरी ताजी घ्या. आणि आपल्या उन्हात लालसुद्धा थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा, कुणी हसलं तर हसू द्या."

मिसळीबरोबर किंचित गोडसर पांढरी वाइन त्यांनीच पहिल्यांदा प्यायला लावली. शेखर आधी हसला होता, मग त्याने दुसरा ग्लास मागितला होता.

प्रत्येक वाइनबद्दल तीनच गोष्टी सांगायच्या, असा त्यांचा धडा असे. आधी काय, मधे काय, मागे काय. आधी नाकाला काय कळतं, मधे जिभेवर काय येतं आणि गिळल्यावर मागे काय राहतं.

अंजली पीत नसे. घरात बुद्धवंदना होई आणि पंचशील घेतलेलं ती मोडणारी नव्हती. पण ती मंडळीत बसे. "पगारेबाई, तुम्ही आमच्या पंच," रावजी म्हणत. "शुद्धीवर असलेलं एक तरी माणूस पाहिजे ना."

ती पहिल्या मजल्यावर, रावजी बरोबर तिच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर. तीस वर्षांचा शेजार. तिच्या स्वयंपाकघरात काही शिजायला लागलं की वरच्या बाल्कनीतून आवाज यायचाच. "पगारेबाई, आज मेथी! लसूण जरा करपला!" आणि तिने सुके बोंबील तव्यावर टाकले की, "अहो, बोंबील! आमच्यासारख्या माळकऱ्याच्या पोराला बिघडवता काय!" मागून कुसाबाईंचं, त्यांच्या बायकोचं, हसणं. पाच मिनिटांत वाटी घेऊन रावजी दारात हजर.

कुसाबाई करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेल्या. रावजीही तेव्हा दवाखान्यात होते, ते वाचले. डॉक्टरांनी हृदयाचं काही निघाल्याचं सांगून पिणं कायमचं बंद केलं. "नाक आहे तोवर मला घोटाची गरज नाही," ते म्हणाले आणि मंडळी चालू राहिली. फक्त बाल्कनीतले आवाज थांबले. बायको गेल्यावर माणूस गप्प होतोच, असं अंजलीने मनाशी धरलं होतं.

मागच्या दसऱ्याला सगळ्यांनी मिळून आवडत्या स्वस्त लाल वाइनच्या बाटल्या त्या बॅरलमध्ये ओतल्या. लाकडात मुरली की हजाराच्या बाटलीला मागे टाकेल, असं रावजी म्हणाले. लोणचं मुरवतात तशी मुरवायची. मधे कुणी चाखायची नाही. लाकूड थोडी वाइन पितं, म्हणून महिन्याला एक बाटली वरून भरायची. दर रविवारी रावजी बूच काढून वास घेत आणि खाली निरोप देत, "मस्त मुरतेय."

आणि आता हे.

---

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. राखी उभी होती. डोळे सुजलेले.

"मावशी, मला गेटवरच अडवलं. शेखरसाहेबांनी सांगितलं म्हणे, हिला आत सोडायचं नाय. तुमचं नाव सांगून आले."

राखी मूळची सुरगाण्याची. पूर्वी दर दिवाळीनंतर जीपमध्ये दाटीवाटीने बसून द्राक्षाच्या कामाला येणारी. नवरा गेल्यावर तिने नाशिकलाच खोली घेतली. सोसायटीतल्या घरांची कामं धरली. मुलगी रोशनी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. ही घरं सुटली तर खोली सुटणार, खोली सुटली तर रोशनीचं शिक्षण.

अंजलीने तिला पाणी दिलं. "मी विचारते ते सरळ सांग. काल रावजींच्या घरी तू कधी होतीस?"

"दुपारी. फरशी, भांडी. काका दाढी करायला गेले होते."

"घरात आणखी कोण?"

"कोणी नाय."

"चैतालीने तुला काल जिन्यात पाहिलं. पिशवीत व्हिनेगरची रिकामी बाटली होती."

"हां, होती. टाकायला नेत होते."

"कुणाची?"

"काकांची. काकांनीच आणायला सांगितली होती, महिन्यापूर्वी. म्हणले, तेज वासाचं आण. मी किराण्यातून आणली."

"कशाला हवी होती?"

"मला काय माहीत, मावशी? वाटीत ओतून ठेवायचे खिडकीत. मी म्हणलं, मुंग्यांसाठी असंल."

"बॅरलला तू हात लावतेस?"

"पुसते वरून. लय चिलटं असतात त्याच्यावर. होळीपासून सांगते काकांना. ते म्हणले, केळ्यांची असतील."

"वास?"

"वास पहिल्यापासूनच आंबूस. मी थोडीच पिते? मला वाटलं, वाइन असलीच असती." ती रडायला लागली. "मी खोटं बोलत नाय. बुद्धाच्या फोटोसमोर बोलते."

"फोटोसमोर कशाला, माझ्यासमोर बोललीस ते पुरे."

असं म्हणाली खरी, पण अंजलीला ठाऊक होतं, आपल्यासमोर बोललेल्याला आता काही किंमत नाही. अंगावर वर्दी नव्हती. गेटच्या वॉचमनला सांगून राखीला आत घ्यायचं, एवढीच तिची सत्ता.

---

शेखर सोसायटीचा अध्यक्ष. बँकेत मोठ्या हुद्द्यावर. तो पेपर बाजूला न ठेवताच बोलला.

"मॅडम, तुम्ही तिची बाजू घेणार हे मला माहीतच होतं."

"बाजू नाही घेत. विचारते. राखीवर संशय कशावरून?"

"रावजीकाकांनी सकाळी वास घेतला, वाइन उत्तम होती. संध्याकाळी व्हिनेगर. मधल्या वेळात घरात एकटी राखी. आणि तिच्याच पिशवीत बाटली. आणखी काय पाहिजे? तुमच्या खात्यात यापेक्षा कमी पुराव्यावर लोक आत जातात."

"जातात," अंजली म्हणाली. "म्हणूनच विचारते. तिला यातून काय मिळालं?"

चैताली चहा घेऊन आली. "मी तिचा दिवाळीपासून वाढवून मागितलेला पगार नाही वाढवला. चिडली असेल. माझ्या माहेरच्यांसमोर माझी काय शोभा झाली, ताई! मामांनी तर विचारलं, जावयाचं लोणचं घालायचा विचार आहे का?"

शेखर हसला नाही. "उद्या संध्याकाळी पार्किंगमध्ये मीटिंग आहे. सगळ्यांसमोर तिने कबूल करावं आणि काम सोडून जावं. नाहीतर मी पोलिसांत तक्रार देणार. सगळी घरं सही करतील."

"आणि तिने काही केलंच नसेल तर?"

"मग रावजीकाका खोटं बोलतायत म्हणा. म्हणू शकता?"

अंजलीला ते म्हणता आलं नाही. पायऱ्या उतरताना एवढंच तिच्या लक्षात आलं की या सगळ्या प्रकरणाला साक्षीदार एकच आहे, आणि तो म्हणजे रावजींचं नाक.

---

रावजींनी दार उघडलं तेव्हा घरात पंखा घरघरत होता. बॅरल गच्चीवरून परत आणून त्याच्या लाकडी घोडीवर ठेवलेलं. हार सुकलेला. बुचाभोवती चिलटं.

"रावजी, शनिवारी सकाळी वास घेतलात तेव्हा किती वाजले होते?"

"चहाच्या आधी. चहानंतर नाकावर भरवसा ठेवायचा नाही."

"काय वास आला?"

ते डोळे मिटून बोलले. "आधी जांभूळ. मग थोडी लवंग. आणि मागे ओल्या लाकडाचा, शिंदीच्या बनात पाऊस थांबल्यावर येतो तसा." गोड बोलले. तीस वर्षं बोलत होते तसेच.

"बूच काढून कुणी हात लावलेला दिसला?"

"नाही. पण घरात राखीच होती ना."

"व्हिनेगरची बाटली तिने तुमच्यासाठी आणली म्हणते."

 रावजींची बोटं सदऱ्याच्या गुंडीशी चाळवली. "मी? मी कशाला व्हिनेगर मागवू? मला आठवत नाही तसं."

"रावजी, तिची पोर शिकतेय."

"मला काय करायचंय, पगारेबाई? मी काही तिच्यावर आरोप केला नाही. मी फक्त काय वास आला ते सांगितलं."

ते पाणी आणायला आत गेले. अंजलीने खिडकीकडे पाहिलं. कठड्यावर ओळीने चार छोट्या बाटल्या, मुरब्ब्याच्या असतात तशा, झाकण लावलेल्या. एकीत लवंगा. एकीत लिंबाच्या सालीचे तुकडे. एकीत निलगिरीच्या तेलात बुडवलेला कापूस. एकीत गुलाबाच्या पाकळ्या. शेजारी एक रिकामी वाटी.

"हे काय, खोकल्याचं औषध?" तिने विचारलं.

"हां. तसंच." रावजींनी पडदा ओढला.

ती बॅरलपाशी वाकली. "जरा बूच काढा."

त्यांनी काढलं. तिच्या नाकात आंबट वाफ शिरली, डोळ्यांच्या कडा झोंबल्या. बॅटरी लावून तिने आत पाहिलं. पृष्ठभागावर एक पातळ पापुद्रा तरंगत होता. थंड झालेल्या दुधावर साय धरते तसा. तिने पळीने तो थोडा उचलला. गुळगुळीत, तुटत नव्हता.

घरी येऊन तिने वैष्णवीला फोन लावला. वैष्णवी रावजींच्या हाताखाली शिकलेली, आता दिंडोरीकडच्या दुसऱ्या वायनरीत वाइन बनवणारी.

"वैष्णवी, वाइनमध्ये दुकानातलं व्हिनेगर ओतलं तर त्यावर साय धरते का?"

"नाही हो मावशी. ती साय म्हणजे वाइनचं स्वतःचंच आंबट होणं. हवा लागली, चिलटं बसली, ऊन पडलं की हळूहळू धरते."

"हळूहळू म्हणजे एका दुपारीत?"

"दुपारीत कसली? आठवडे लागतात. आणि वास त्याच्याही आधी यायला लागतो. का? सरांच्या बॅरलला काय झालं? सर तर दहा पावलांवरून ओळखतील."

अंजलीने फोन ठेवला. खुर्चीत बसून राहिली. राखी सुटली होती. पण आता दुसरंच कुणी अडकत होतं आणि ते तिला नको होतं.

एक शंका होती, ती मोडून काढायला ती उठली. डब्यातले सुके बोंबील काढले. लसूण ठेचला, तिखट लावलं, तवा तापवला. वास अख्ख्या जिन्यात पसरला. समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईने खिडकी लावून घेतली.

वरच्या बाल्कनीत रावजी कपडे वाळत घालत होते. चिमटे लावल्याचा आवाज स्पष्ट येत होता.

ती वाट पाहत राहिली. बोंबील काळे पडले.

वरून काहीच आलं नाही.

---

सोमवारी पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. राखी खांबाला टेकून उभी. तिला बसायला कुणी सांगितलं नव्हतं. अंजलीने आपल्या शेजारची खुर्ची ओढली आणि तिला बसवलं.

शेखरने सुरुवात केली. "राखी, तुला काय म्हणायचंय?"

"मी काय नाय केलं, साहेब."

"मला बोलायचंय," अंजली म्हणाली. "पण आधी रावजींना काही सांगायचं असेल तर त्यांनी सांगावं."

रावजी जमिनीकडे पाहत होते. ती थांबली. कुणाची तरी स्कूटर आत येऊन बंद झाली. 

"बरं. मग ऐका." तिचा आवाज कोरडा होता. "वाइनमध्ये व्हिनेगर कुणी ओतलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. कुणीच ओतलं नाही. वाइन आपली आपण आंबली. आत साय धरलीय. ती धरायला आठवडे लागतात. वैष्णवीला विचारा. बुचावर होळीपासून चिलटं आहेत. म्हणजे शनिवारी दुपारी राखी घरात एकटी होती की दहाजण होते, याला अर्थच नाही. शनिवारी सकाळी ती वाइन खराबच होती. त्याच्या आदल्या रविवारीही."

शेखर म्हणाला, "पण काकांनी वास घेतला होता."

"घेतला होता. रावजी, अजूनही वेळ आहे."

रावजींनी मान आणखी खाली घातली. 

अंजलीला उठून घरी जावंसं वाटलं. गुन्हेगाराला पकडताना कधी काळी ऊर भरून यायचा. आज समोर गुन्हेगार नव्हता, वाटी घेऊन दारात येणारा माणूस होता. पण शेजारच्या खुर्चीत राखी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती.

"दोन वर्षांपासून रावजी मंडळीत आपलं मत आधी सांगत नाहीत," ती म्हणाली. "आधी तुम्ही सांगा, म्हणतात. आपल्याला वाटलं, शिकवतायत. ते आपले चेहरे वाचत होते. शनिवारीही ग्लास नाकाला लावायच्या आधी त्यांनी शेखरकडे पाहिलं, चैतालीकडे पाहिलं. दोन वर्षांत त्यांनी एकही नवी वाइन शोधलेली नाही. जुन्याच दोन सांगतात. त्यांच्या खिडकीत चार बाटल्या आहेत. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब. करोनानंतर ज्यांचं नाक गेलं, त्यांना डॉक्टर रोज हेच हुंगायला सांगतात. माझ्या भावजयीला सांगितलं होतं, मला काल आठवलं. तेवढ्यानेही भागेना म्हणून तेज वासाचं व्हिनेगर मागवलं. राखीच्या हातून. तीच ती बाटली."

"हे सगळे अंदाज झाले, मॅडम," शेखर म्हणाला. पण त्याचा आवाज उतरला होता.

"हो. म्हणून हे आणलंय."

तिने पिशवीतून दोन ग्लास आणि दोन छोट्या बाटल्या काढल्या. दोन्ही ग्लासांत लाल वाइन ओतली. "एकात दुकानातून आणलेली ताजी, मंडळीची नेहमीची. दुसऱ्यात बॅरलमधली. सगळ्यांनी तोंडं फिरवा. कुणीही रावजींकडे पाहू नका."

खुर्च्या करकरल्या. सगळे भिंतीकडे वळले. अंजलीनेही मान फिरवली.

"रावजी, बॅरलमधली कोणती?"

 मागे ग्लास उचलल्याचा आवाज आला. दीर्घ श्वास. ग्लास ठेवल्याचा. दुसरा उचलल्याचा. परत पहिला. चैतालीपर्यंत तो आंबट वास पोचला, तिने पदर नाकाला लावला.

मग रावजी म्हणाले, "पगारेबाई, मला नाही कळत."

सगळे वळले. त्यांच्या दोन्ही हातांत दोन ग्लास होते आणि ते लहान मुलाने चोरून काही धरावं तसे धरले होते.

"दवाखान्यातून आलो तेव्हापासून काही नाही," ते म्हणाले. "काहीच नाही. वाटलं, येईल आज, येईल उद्या. कुसाच्या साड्या कपाटात तशाच ठेवल्यात. धुवायला दिल्या नाहीत. रोज कपाट उघडतो. तोंड घालतो आत. नुसतं कापड. बाई अख्खी गेली, तिचा वाससुद्धा मला ठेवला नाही."



"बॅरल भरलं तेव्हा ठरवलं होतं, सांगून टाकावं. पण तुम्ही सगळे वर माझ्याकडे बघत होतात. बॅरलपाशी बसलो की आपण अजून कोणीतरी आहोत, असं वाटायचं. परवा शेखर थुंकला तेव्हा कळलं मला. तुमच्याबरोबरच कळलं."

"आणि बाटलीचं?" अंजलीने विचारलं. ते विचारावंच लागणार होतं.

"बाटली मीच मागवली. आठवत होतं मला. पण कशाला मागवली ते सांगावं लागलं असतं." ते राखीकडे वळले. "चुकलं माझं, बाई."

राखी उठून उभी राहिली. "काका, तुम्ही मला एकदा विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं कसला वास येतो ते," ती म्हणाली. "मी काय विकत फिरते का कुणाचं गुपित?"

आणि ती पिशवी उचलून गेटकडे चालायला लागली. वॉचमन आपणहून बाजूला झाला.

---

त्यानंतर सगळं जागच्या जागी आलं, असं काही झालं नाही.

शेखरने सोसायटीच्या ग्रुपवर 'गैरसमज दूर झाला आहे' एवढं लिहिलं. राखीचं नाव त्यात नव्हतं. चैतालीने पगार वाढवून देते म्हणून दोनदा निरोप पाठवला. राखी परत आली नाही. तीन घरांनी तोपर्यंत दुसरी बाई लावलीही होती. अंजलीने ओळखीच्या एका दवाखान्यात तिला सफाईचं काम मिळवून दिलं, पण ते लांब होतं आणि दोन बस बदलाव्या लागत. रोशनी दुसऱ्या वर्षाला गेली. राखी रस्त्यात भेटली की मावशी म्हणून हाक मारते, थांबत मात्र नाही.

परवडणारी मंडळी पुन्हा भरली नाही. शेखर आता दुकानात जाऊन जड बाटली आणि सोनेरी लेबल घेऊन येतो आणि छान आहे म्हणतो. छान असतेही कधी कधी.

वैष्णवी येऊन बॅरल पाहून गेली. व्हिनेगर म्हणून फारच उत्तम झालंय, असं तिने सांगितलं. तिने ते गाळून बाटल्यांत भरलं आणि सोसायटीतल्या प्रत्येक घरी एकेक बाटली गेली. लोक कांद्यावर घालून खातात. फक्त रावजींच्या घरी कुणी बाटली नेली नाही.

रावजींना डॉक्टरांनी सांगितलं, इतक्या काळानंतर फारशी आशा ठेवू नका. तरी चार बाटल्या खिडकीत आहेतच. लवंगा ते महिन्याला बदलतात.

अंजलीने महिनाभर वर पाऊल ठेवलं नाही. काय म्हणायचं, हे तिला सुचत नव्हतं. बरोबर वागलो, हे ठाऊक असूनही जे वाटायला हवं ते वाटत नव्हतं. मग एका दुपारी तिने बोंबील तव्यावर टाकले आणि सवयीने कान वर लावला. वर खुर्ची सरकल्याचा आवाज आला. रावजी बाल्कनीत बसलेले होते.

ती हात पुसत बाहेर आली. कठड्याला धरून वर पाहिलं.

"रावजी, आज बोंबील."

वरून काही नाही.

"आधी लसूण," ती मोठ्याने म्हणाली. समोरच्या बाईने खिडकीतून पाहिलं, पाहू दे. "आधी लसूण, जरा करपलेला. मधे मीठ आणि उन्हात वाळलेलं काहीतरी. आणि मागे..."

तिला शब्द सापडेना. आयुष्यभर पंचनामे लिहिले, पण तव्यावरच्या बोंबलाच्या मागे काय उरतं, ते सांगता येईना.

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला, बारीक.

"मागे ओलं घोंगडं. कुसा म्हणायची."

"हो," अंजली म्हणाली. "तेच. ओलं घोंगडं."

मग ती तवा बघायला आत गेली, आणि थोड्या वेळाने जिन्यात वाटीचा आवाज झाला.